आधाराचा पट्टा

माझा नेम चुकतो, ही गोष्ट आमच्या घरात आणि बँकेत सारखीच प्रसिद्ध आहे. कागदाचा बोळा टोपलीत टाकायला गेलो, तर तो टोपलीच्या अलीकडे तरी पडतो, नाहीतर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर तरी. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात फुगे फोडण्याच्या फळीपुढे मी दरवर्षी नेमाने उभा राहतो. दहा छर्ऱ्यांत एखादा फुगा फुटतो, आणि तोसुद्धा उन्हाने फुटला असावा असं सौ.चं मत आहे. फुगेवाला मात्र मला लांबूनच ओळखतो आणि "या साहेब, या!" म्हणून खुर्ची झाडतो. फुग्यांचा साठा शाबूत ठेवून रोख पैसे देणारं गिऱ्हाईक कुठल्या व्यापाऱ्याला नको असतं? मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे त्याचा आनंद समजू शकतो.

अशा बापाच्या घरात नेमबाज मुलगी निपजावी, याला काय म्हणावं? सौ. म्हणते, माहेरचं रक्त. तिच्या माहेरी कुणी बंदूक हातात धरल्याचं ऐकिवात नाही. पण तिचा टोमणा मात्र आजवर कधी चुकलेला नाही, तेव्हा मी वाद घालत नाही.

आम्ही राहतो कनेरगाव नाक्याला. गावाच्या नावातच नाका आहे. १९४८ पर्यंत इकडे निजामाचं राज्य आणि तिकडे वऱ्हाड. आज इकडे हिंगोली जिल्हा आणि तिकडे वाशीम. त्यामुळे आमच्या शाखेत येणारा निम्मा गाव "काय करायलाव सायेब?" असं विचारतो आणि निम्मा गाव "काय करून राहिले साहेब?" असं विचारतो. दोघांनाही मी एकच उत्तर देतो, "सर्व्हर डाऊन आहे." अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी इथून जाते, ट्रक जातात, एस.टी. जाते. सगळं जग आमच्या गावावरून पुढे जातं आणि आम्ही चहाच्या टपरीवर बसून त्याला निरोप देतो. अशा गावात ऑलिंपिकचं वारं शिरेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नव्हती.

ते शिरलं २०२४ च्या जुलैमध्ये. पॅरिसला मनू भाकरने २८ जुलैला १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं, आणि आमची नववीतली कन्या मोबाइलसमोरून उठली ती थेट आरशासमोर जाऊन उभी राहिली. उजवा हात समोर ताठ, डावा हात फ्रॉकच्या खिशात. मला वाटलं, रिक्षा थांबवतेय. दोनच दिवसांनी मनू आणि सरबज्योत सिंग या जोडीला आणखी एक कांस्य मिळालं. त्याच स्पर्धेत रौप्य घेणारा तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसुफ डिकेच मला फार आवडला. अंगात साधा टी-शर्ट, नाकावर साधा चष्मा, एक हात खिशात. जणू पेन्शनच्या पासबुकात नोंद करून घ्यायला आलेला गृहस्थ! त्याला बघून मला प्रथमच वाटलं, की हा खेळ आपल्या वर्गातल्या माणसाचा आहे.

आणि १ ऑगस्टला तर कहरच झाला. त्या दिवशी गुरुवार होता आणि अंतिम फेरी नेमकी दुपारी १ च्या सुमाराची. जेवणाची सुट्टी व्हायची होती, पण सर्व्हरने समजूतदारपणा दाखवला आणि सगळी शाखा एका मोबाइलभोवती गोळा झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आमच्याकडे कर्जाची फाईलसुद्धा इतकी रेंगाळत नाही. त्यातून स्वप्निल रेल्वेत तिकीट तपासनीस! नोकरी सांभाळून ऑलिंपिक! आमच्या हेडकॅशियरने ताबडतोब मान ताठ केली. ती पुढे दोन दिवस तशीच होती. नंतर कळलं की मान अवघडली होती.

घरी गेल्यावर मी जाहीर केलं, की कन्येने रायफल घ्यावी. मग सौ.ने आणि मी मिळून हिशेब केला. रायफलवाल्यांना जाड कॅनव्हासचं जाकीट लागतं, तशीच विजार लागते, हातमोजा लागतो, झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला बांधायचा पट्टा लागतो, गुडघ्यावर बसताना पायाखाली घ्यायची उशी लागते. हिशेब संपेपर्यंत माझा भविष्यनिर्वाह निधी संपला होता. पिस्तुलाला यातलं काहीच लागत नाही. उभं राहायचं, एक हात लांब करायचा आणि गोळी सोडायची. पिस्तुलाची परंपराही आपल्याकडे आहे. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं आहे. शिवाय जिल्ह्याच्या गावी एका निवृत्त फौजी सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये १० मीटरची रेंज काढली होती आणि तिथे पिस्तूल त्यांचंच वापरायला मिळत होतं. 'भांडवली खर्च शून्य' हे शब्द ऐकल्यावर कॉमर्सचा माणूस कुठल्याही खेळाला नकार देत नाही.

दर शनिवार-रविवार एस.टी.ने जाणं सुरू झालं. मी बरोबर. मुलीला एकटीला कसं पाठवायचं? सर शिकवायचे आणि मी तिच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघायचो. तिथे मला कळलं, की हा खेळ म्हणजे आमच्या बँकेपेक्षाही कडक कारभार आहे. पिस्तुलाचं वजन किलोभर. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच आणि पुढच्या टोकाला माशी. दोन्हींत सुमारे एक फुटाचं अंतर. ही माशी खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाचे सहा! एका मिलिमीटरला चार गुण दंड! आमची बँक खात्यात किमान शिल्लक नसेल तर दंड लावते म्हणून लोक आम्हाला शिव्या घालतात. त्यांनी एकदा ही रेंज बघावी.

आणि कन्येचा हात हलत होता. अगदी स्वच्छ दिसत होता हलताना. घरी सराव म्हणून ती पाण्याची लिटरची बाटली हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात मिनिट मिनिट उभी राहायची, आणि बाटलीतलं पाणी पैनगंगेला पूर आल्यासारखं हिंदकळायचं. माझ्या पोटात तेच पाणी हिंदकळायचं.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझाही हात थरथरतो. लहानपणापासून. आमच्या धंद्यात सही जुळली पाहिजे, आणि माझ्या स्वतःच्या खात्यावरची माझी सही दोनदा माझ्याच सहकाऱ्याने 'नमुन्याशी जुळत नाही' म्हणून परत केलेली आहे. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण नमुन्याची सहीसुद्धा त्या दिवशीच्या माझ्या सहीशी जुळत नव्हती. पण मुलीचा हात हलताना पाहिला, आणि वाटलं, की घर नाही, शेत नाही, या पोरीला वारशात नेमकं हेच द्यायचं होतं का आपण? बस, त्याच रात्री मी ठरवलं. हात थांबवायचा. काहीतरी बांधायचं, पण थांबवायचा.

पहिला प्रयोग कासऱ्याचा. आमच्या बँकेच्या बंदूकधारी रक्षकाला आम्ही हवालदारमामा म्हणतो. मामा पायदळातून निवृत्त झालेले आणि पलीकडच्या वऱ्हाडातले. खांद्यावर बाराबोअरची बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा आणि दोन्हींच्या मध्ये पिकलेल्या मिशा. त्यांनी एकदा सहज सांगितलं होतं, की फौजेत पिस्तुलाच्या मुठीला कडी असते, तिला डोरी बांधतात आणि डोरीचं दुसरं टोक खांद्याला किंवा गळ्यात. ती डोरी ताणून हात पुढे रेटला की हात जरा थांबतो. मी बाजारातून ४० रुपयांचा कासरा आणला आणि कन्येच्या गळ्यात घालून दुसरं टोक पाण्याच्या बाटलीला बांधलं. सौ. भाकरी थापता थापता बाहेर आली, तिने एकदा कन्येकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोळा कधी आहे हो?"

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे तक्रार केली.

"साहेब, तुमी हे काय करून राहिले?" मामा म्हणाले. "डोरी पिस्तूल खाली पडू नये म्हणून असते. घोड्यावरून पडलं, चिखलात पडलं, तं हातचं हत्यार जाऊ नये. निशाण्यासाठी नसते ते."

"पण हात थांबतो म्हणालात ना?"

"थोडासा थांबते. पण पट्टा-बिट्टा सगळा रायफलले. पिस्तुलाले फक्त मानूस."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. कारण माझ्या डोक्यात दुसरा प्रयोग तयार होता. मेडिकलमधून १४० रुपयांचं क्रेप बँडेज आणलं, त्यात आतून बांबूच्या दोन कामट्या घातल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलं. हात खरोखरच थांबला. इतका थांबला, की बोटंसुद्धा थांबली आणि चाप ओढायला कुणी शिल्लक राहिलं नाही. त्यातच शेजारच्या काकू 'कशानं मोडला?' म्हणून सरबताची बाटली घेऊन आल्या. सरबत चांगलं होतं.

तिसरा प्रयोग मात्र खास. नाक्यावर लिंबाखाली एक चर्मकार बसतात. हात त्यांचा सोन्याचा. मी कागदावर नक्षा काढून नेला. मनगटाला कातडी पट्टी, तिला दोन बकलं, आतून जुन्या हेल्मेटमधला फोम आणि वर तळहाताकडे जाणारी एक जीभ. त्यांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा धरून बघितला.

"बैलासाठी करायलाव का मानसासाठी?"

"मुलीसाठी. पिस्तूल धरताना हात हलतो तिचा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सायेब, मी आरी धरतो तवा माझाबी हात हलतोय. टाका सरळ पडल्याशी काम." पण त्यांनी पट्टा करून दिला, आणि झकास करून दिला. मी घरी येऊन वहीत नोंद केली: कासरा ४०, क्रेप बँडेज १४०, चामडे ९०, बकले दोन २०, फोम (घरचा) ०, शिलाई ६०. एकूण ३५०. त्याखाली 'घसारा दरसाल १० टक्के' असंही लिहिलं. हिशेब पूर्ण झाला की मला वाटतं, काम पूर्ण झालं. हा आमच्या शिक्षणाचा दोष आहे.

माझा आत्मविश्वास वाढायला आणखी एक कारण झालं. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर माझा शोध सांगितला, तर तो म्हणाला, "मामा, उशीर झाला. इथे २०१२ मध्येच निघालाय." तिकडे म्हणे मोठ्या पिस्तुलाच्या मागच्या टोकाला लावून हाताला पट्ट्याने बांधायचा एक ब्रेस निघाला. एका अपंग माजी सैनिकाला एका हाताने नेम धरता यावा म्हणून मुळात तो केलेला. पण पुढे धडधाकट लोकांनीच तो घेतला आणि हाताऐवजी खांद्याला टेकवायला सुरुवात केली. मग खांद्याला टेकवलेलं पिस्तूल हे पिस्तूल की आखूड रायफल, यावर तिथे खल सुरू झाला. २०२३ साली सरकारने त्यावर नियम केला आणि २०२४ साली कोर्टाने तो रद्द केला. मला गहिवरून आलं. माझ्यासारखीच डोकी सातासमुद्रापार आहेत आणि त्यांच्याही पट्ट्यांचा घोळ झालेला आहे, ही भावना फार सुखाची असते.

शालेय स्पर्धेचा दिवस उजाडला. आमच्या आईने पहाटेच कन्येच्या उजव्या मनगटावर औंढ्याच्या नागनाथाचा लाल धागा बांधला. धाग्याच्या वर सौ.ने मामाकडून आलेलं घड्याळ बांधलं, 'वेळ कळायला पाहिजे' म्हणून. आणि घड्याळाच्या वर मी माझा पट्टा. त्या एका मनगटावर आमचं सगळं कुटुंब बसलं होतं. कन्या काही बोलली नाही. एस.टी.त खिडकीशी बसून ती बाहेरची सोयाबीनची शेतं बघत होती. एकदाच म्हणाली, "बाबा, जड होतंय." मी म्हणालो, "सवय होईल."

रेंजवर आधी तपासणी असते. एक उंच, शांत पंच टेबलाशी उभे होते. त्यांनी पिस्तूल घेतलं, चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगून ते उचलून पाहिलं. चाप तेवढं वजन पेलला पाहिजे असा नियम आहे. मग पायातले बूट बघितले. ते घोट्याच्या वर गेलेले चालत नाहीत. मग त्यांची नजर मनगटावर गेली.

"हे काय?"

"पट्टा आहे," मी पुढे होऊन म्हणालो. "आधाराला."

"आधाराला आहे ना? मग काढा."

मला वाटलं, माझं बोलणं नीट कळलं नसेल. मी पुन्हा समजावून सांगितलं, की यात फोम आहे, टोचत नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पिस्तूल धरणारं मनगट मोकळं दिसलं पाहिजे. त्या हाताला आधार देईल अशी कुठलीही वस्तू चालत नाही. मनगटपट्टी नाही, बांगडी नाही, कडं नाही.

"आणि घड्याळ?" सौ.ने विचारलं.

"घड्याळसुद्धा नाही. दुसऱ्या हाताला बांधा."

मी हादरलो. वीस वर्षं मी उजव्या हातात घड्याळ घालून सह्या करतो. त्या एवढ्याशा घड्याळाचाही आधार होतो, हे जगात कुणाला तरी माहीत होतं आणि त्यांनी ते नियमात लिहून ठेवलं होतं! माझ्या सहीचं काय होत होतं मग आधार असूनही, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही.

पट्टा निघाला. घड्याळ निघालं. राहिला धागा. पंचांनी तो दोन बोटांत धरून पाहिला, कन्येच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हा राहू दे. यानं काही हात थांबत नाही." आमची आई तिथे नव्हती म्हणून बरं. तिने त्यांना नागनाथाच्या देवळाचा सगळा इतिहास सांगितला असता.

पट्टा खिशात कोंबून मी नेहमीप्रमाणे मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. सरावाचे छर्रे सुरू झाले. कन्येने हात उचलला. हलला. खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ माझ्याजवळ चालत आली.

"बाबा, तुम्ही चहा पिऊन येता का?"

"मला नकोय चहा आत्ता."

"प्या ना," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मागे बसलात की मला तुमचा श्वास ऐकू येतो. मी हात उचलला की तुम्ही श्वास धरता. मग मीपण धरते. मग हात जास्त हलतो."

"पण मी बघायला नको?"

"बाबा, हात हलतोच. सगळ्यांचा हलतो. सर म्हणतात, हात थांबायची वाट बघत बसलं की घाईत चाप खेचला जातो आणि छर्रा बाहेर जातो. हलू द्यायचा. फक्त माशी खाचेत नीट ठेवायची आणि चाप हळू दाबत राहायचं. मी करते बरोबर. तुम्ही या चहा पिऊन."

मी उठलो. दारातून बाहेर पडताना सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान इतक्या समाधानाने हलली, की सरांनाही हे मला गेले तीन महिने सांगायचं होतं, हे मला कळलं.

बाहेर टपरीवर मी चहा घेतला. मग आणखी एक घेतला. आतून टप्, टप् असा बारीक आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला मी कुठे लागला असेल याचा अंदाज करत होतो. आणि बसल्या बसल्या मला माझे वडील आठवले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला अकाउंटन्सीच्या पेपरला ते माझ्याबरोबर परीक्षेच्या केंद्रावर आले होते. तीन तास ते समोरच्या लिंबाखाली उभे होते, हातात लिंबूपाण्याची बाटली घेऊन. माझी जागा नेमकी खिडकीशी. ताळेबंद ४०० रुपयांनी जुळत नव्हता. मी वर बघितलं की ते दिसायचे आणि ते लगेच बाटली उंच करून दाखवायचे. म्हणजे 'घाबरू नको' असं. ताळेबंद शेवटपर्यंत जुळला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "जुळला का?" मी म्हणालो, "जुळला." ते वारले तोवर त्यांना मी खरं सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांना 'तुम्ही चहा पिऊन या' असं म्हणायचं माझ्या अंगात नव्हतं. माझ्या मुलीच्या अंगात ते आहे, हे लक्षात आलं आणि दुसरा चहा मला जरा जास्तच गोड लागला.

तासाभराने ती बाहेर आली. ४० छर्रे, ४०० पैकी ३११. सातवी आली होती. पहिल्या तिघींची पुढे निवड झाली, ही त्यांत नव्हती. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. मामांकडून ऐकलेला हंगेरीचा कारोली टाकाच माझ्या ओठांवर होता. १९३८ साली हातबाँबने त्याचा उजवा हात निकामी झाला, तर तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला पिस्तुलातलं सुवर्णपदक घेऊन गेला. म्हणजे ज्या ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा, त्याच ऑलिंपिकमध्ये तो. पण ती म्हणाली, "बाबा, शेवटच्या दहांत ८६. आजपर्यंत कधीच ८६ आले नव्हते. भूक लागलीय." टाकाच मी गिळला आणि दोन प्लेट भजी सांगितली.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घड्याळ डाव्या हातात, धागा उजव्या हातात. झोपेतसुद्धा त्या हाताची बोटं मधूनच हलत होती. मी ती धरली नाही.

आता ३५० रुपयांच्या त्या पट्ट्याचं काय झालं, हे सांगायला हवं. नाहीतर हिशेब अपुरा राहील. आमच्या आईचं मनगट संधिवाताने धरतं. तिने एक दिवस तो कपाटातून काढला, बांधून बघितला, आणि 'नागनाथाची कृपा' म्हणून ठेवूनच घेतला. आता ती तो घालून दळण निवडते, लसूण सोलते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माझ्या लेकानं केलाय' म्हणून सांगते. लिंबाखालच्या चर्मकारांकडे तसल्याच पट्ट्यासाठी गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या जाऊन आल्या. म्हणजे शोध बरोबर होता. फक्त गिऱ्हाईक चुकलं. नेहमीप्रमाणे माझा छर्रा शेजारच्या फुग्याला लागला.

हवालदारमामांना मी सगळी हकीगत सांगितली. ते मिशीत हसले. "मी म्हटलं नव्हतं का, साहेब? पिस्तुलाले फक्त मानूस."

कन्येचा सराव चालू आहे. रोज संध्याकाळी ती पाण्याची बाटली हातात घेऊन दारात उभी राहते. पाणी अजून हिंदकळतं, थोडं कमी. मी त्या वेळी चप्पल घालून नाक्यावर चहाला जातो. टपरीवरून आमच्या घराचं दार दिसत नाही, याची मी आधी खात्री करून घेतली आहे. सौ.चं म्हणणं, महिन्याचा चहाचा खर्च फार वाढला. मी तो वहीत वेगळा लिहितो. कुठल्या खात्यावर टाकायचा हे मात्र ठरत नव्हतं, म्हणून सध्या 'खेळाचे साहित्य' या सदरात टाकला आहे.